वेग आणि विवेक

वेगाचे वेड हे आजच्याच तरुण पिढीचे वैशिष्ट्य आहे, असा पुष्कळांचा समज असतो. मोटार आली, फटफटी आली आणि मुले बिघडली, असे वडीलधारी मंडळी सांगतात. वस्तुतः हे वेड रथाइतके जुने आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान आपणांपैकी बहुतेकांनी ऐकलेले असेल. दमयंतीचे दुसरे स्वयंवर उद्याच व्हावयाचे आहे, असा निरोप अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाला मिळतो आणि एका दिवसात विदर्भातील कुंडिनपूर गाठावयाचे तो मनात आणतो. बाहुक या नावाने त्याच्या अश्वशाळेत राहिलेला नळराजा सारथ्य पत्करतो. पुढे तो रथ असा काही धावू लागतो की, वाऱ्याने राजाचे उत्तरीय उडून जाते. ते उचलून आणण्यासाठी रथ थांबव, असे राजा म्हणतो; त्यावर बाहुक उत्तरतो की, ते वस्त्र केव्हाच एक योजन मागे राहिले!

ही कथा मी दरवर्षी वर्गात सांगते. पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. त्यामुळे आदिलाबादच्या मुलांना कुंडिनपूर परके वाटत नाही. उत्तरीयाचा प्रसंग आला की सारा वर्ग आनंदाने टाळ्या वाजवितो. परंतु त्याच्या आधी एक लहानसा प्रसंग आहे. त्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. माझेही कित्येक वर्षे गेले नव्हते. निघण्यापूर्वी बाहुक अश्वशाळेत जातो, एकेक घोडा निरखून पाहतो आणि दिसण्यात कृश असे घोडे निवडतो. ऋतुपर्ण रागावतो, असले हडकुळे घोडे एवढी मजल कशी मारणार, असे विचारतो. बाहुक त्या घोड्यांची लक्षणे शांतपणे सांगतो आणि मगच रथ जोडतो. राजाला घाई होती, सारथ्याला नव्हती. कुंडिनपूर एका दिवसात गाठले गेले, त्याचे पुष्कळसे श्रेय त्या अश्वशाळेतील घटकाभराच्या निरीक्षणाला द्यावयास हवे. माझ्या आजच्या लेखाचा विषय तोच घटकाभराचा वेळ आहे.

हा विषय मला कसा सुचला, ते सांगते. मागील दिवाळीच्या सुटीत माझा एक माजी विद्यार्थी घरी आला. वय वर्षे बावीस, आय. टी. आय. होऊन एका जिनिंग कारखान्यात फिटर म्हणून लागलेला. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि मग मान खाली घालून तो म्हणाला, "बाई, हैदराबादजवळ हौशी लोकांची ऑटोक्रॉसची शर्यत आहे. मला भाग घ्यायचा आहे. बाबा नको म्हणतात. तुम्ही त्यांना सांगितले तर ते ऐकतील."

ऑटोक्रॉस म्हणजे काय, हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हते. तुमच्यापैकी अनेकांना नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. एखाद्या मोकळ्या मैदानावर रस्तादुरुस्तीच्या वेळी ठेवतात तसले नारिंगी शंकू किंवा जुने टायर मांडून एक वळणावळणाचा मार्ग आखतात. इंग्लंडात ही शर्यत कुरणावर किंवा मातीवर होते, अमेरिकेत मोठमोठ्या डांबरी वाहनतळांवर, तर आपल्याकडे बहुधा मातीच्या मैदानावर. या मार्गावरून एका वेळी एकच मोटार सोडतात. शेजारी प्रतिस्पर्धी नसतो; स्पर्धा असते ती घड्याळाशी. वेळ सेकंदाच्या लहानात लहान अंशापर्यंत मोजतात आणि शंकू पाडला तर दंड म्हणून वेळ वाढवितात. अमेरिकेतील प्रघात एका शंकूला दोन सेकंद असा आहे. वळणे इतकी जवळजवळ असतात की, सरळ रस्त्यावर गाठता येतो तसला वेग येथे बहुधा गाठताच येत नाही. घरची साधी मोटार घेऊन नवशिक्यालाही भाग घेता येतो, म्हणून मोटारशर्यतींच्या जगाचा हा उंबरठा मानला जातो.

मी त्याला स्पष्ट नकार दिला. त्या नकाराला एक कारण होते, आणि ते येथे लिहिणे मला सोपे नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मोटारीचे चित्र असे. एकदा व्याकरणाच्या वहीत पानभर शर्यतीची मोटार काढलेली मी पाहिली. चित्र खरोखर सुरेख होते. त्याने मोठ्या उत्साहाने मला विचारले, "बाई, असे चालवायला कुठे शिकवतात?" मी म्हटले, "आधी समास शिक, मग मोटार चालव." वर्ग हसला. तोही हसला. त्याने पुन्हा तो विषय माझ्यापाशी काढला नाही. शाळा सोडल्यावर दोन वर्षांनी, एका रात्री मित्रांशी पैज लावून, तो हमरस्त्यावर मोटारसायकल पळवीत असताना उभ्या ट्रकवर आदळला. त्याच्या आईला भेटावयास गेले, तेव्हा तिने त्याच्या जुन्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या. त्यांत ती व्याकरणाची वहीही होती.

आपल्या शहराजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जातो. रुंद, सपाट आणि रात्री बराच मोकळा असा हा रस्ता तरुणांना भुलवितो, यात नवल नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्या मृत्यूंपैकी दहांतील सुमारे सात मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता. एवढे मोठे आकडे वाचून मन बधिर होते. मला मात्र त्या आकड्यांच्या जागी एक वही दिसते.

म्हणून मी नकार दिला. तेव्हा माझा हा दुसरा विद्यार्थी थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "बाई, तिथे निदान सोडण्याआधी गाडी तपासतात. हायवेवर कोण तपासते?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पहिल्या मुलाने मला विचारले होते, "कुठे शिकवतात?" त्यालाही मी उत्तर दिले नव्हते. वेगाची ओढ निंद्य आहे असे म्हणून ती नाहीशी होत नाही, हे मी एकदा पाहिले होते. तिला योग्य जागा मिळाली नाही, तर ती अयोग्य जागा शोधते.

आपल्या पूर्वजांना हे कळले होते, असे मला वाटते. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात शंकरपट भरतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पट तर सर्वश्रुत आहे. तेथेही बैलजोडीची धाव घड्याळावर मोजतात आणि सेकंदाच्या अंशाने निकाल लागतो. पटाच्या बैलांना कित्येक महिने आधीपासून ढेप, कणीक आणि नियमित सराव मिळतो. धुरकऱ्याची जोडीशी ओळख पक्की झालेली असते. आणि पटाची धाव पटाच्या मैदानातच होते, गावातल्या वाटेवर होत नाही. या प्रथेत दोषही शिरले. बैलांना होणाऱ्या क्रूर वागणुकीमुळे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा शर्यतींवर बंदी घातली. पुढे राज्याने नियम घालून कायदा केला आणि २०२३ च्या मे महिन्यात न्यायालयाच्या घटनापीठाने तो ग्राह्य धरला. खेळाला नियम नसतील तर तो क्रौर्याकडे झुकतो, हा त्यातील बोध मोटारींनाही लागू पडतो.

एतावता मी माझ्या विद्यार्थ्याला एक अट घातली. त्याच्या वडिलांशी मी बोलेन. परंतु शर्यतीची सर्व तयारी माझ्या डोळ्यांसमोर झाली पाहिजे आणि तिची वही ठेवली पाहिजे. त्याने आनंदाने मान्य केले. पुढचे तीन रविवार मी त्याच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. मी कला शाखेची पदवीधर. यंत्रातले मला काय कळणार? परंतु न कळणाऱ्याने प्रश्न विचारले, तर कळणाऱ्यालाही पुन्हा विचार करावा लागतो, एवढा लाभ मात्र झाला.

मोटार होती त्यांच्या घरची जुनी मारुती ८००. या मोटारीचे उत्पादन २०१४ सालीच थांबले. परंतु जुनी असणे हा दोष नव्हे. दुर्लक्षित असणे हा दोष. प्रथम त्याने चारही चाके उतरवून ब्रेक पाहिले. झिजलेले भाग बदलले, जुने झालेले ब्रेकऑइल काढून नवे भरले. टायरांना भेगा नाहीत ना, त्यांची नक्षी पुरेशी खोल आहे ना, हवा चारही चाकांत ठरल्याप्रमाणे आहे ना, हे पाहिले. चाकांचे नट पान्याने एकेक करून, समोरासमोरच्या क्रमाने आवळले. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढताच तो आपोआप वर येतो की अडकतो, हे दहा वेळा करून पाहिले. इंजिनाखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवले आणि सकाळी त्यावर तेलाचा डाग पडला आहे का, ते पाहिले. सीटबेल्ट ओढून, सोडून, झटका देऊन तपासला. मी प्रत्येक गोष्टीपुढे वहीत खूण करीत होते. ही यादी वाचताना तुमच्या ध्यानात आले असेल की, यात शर्यतीसाठी म्हणून काही वेगळे केलेले नाही. जी मोटार रोज बायकामुलांना घेऊन रस्त्यावर जाते, तिच्यासाठी हे सारे आधीच व्हावयास हवे होते.

नंतर मोटार रिकामी करण्याचे काम आले. धावताना आत एकही सुटी वस्तू असता कामा नये, असा या खेळाचा नियम आहे. त्या लहानशा मोटारीतून काय काय निघाले! कापसाच्या नमुन्यांच्या दोन पिशव्या, छत्री, वडिलांच्या जुन्या चपला, तीन लग्नपत्रिका, एक वाळलेला नारळ आणि चालकाच्या आसनाखाली एक पाण्याची रिकामी बाटली. ती बाटली हातात घेऊन मुलाने वडिलांना दाखविली. अशी बाटली घरंगळत येऊन ब्रेकच्या पट्टीखाली अडकली, तर ब्रेक दाबताच येत नाही. वडील काही बोलले नाहीत. पण त्यांनी ती बाटली स्वतः नेऊन टाकली. डिकीतील स्टेपनी आणि जॅकही त्या दिवसापुरते बाहेर ठेवावयाचे ठरले.

एक वस्तू राहिली. चालकापुढच्या फळीवर गणपतीची छोटी मूर्ती होती. तीही सुटीच होती. आई म्हणाली, "देवाला कसा काढायचा? तोच तर सांभाळतो." मुलगा संकोचला. मी त्या माउलीला म्हटले, "त्या दिवशी गणपती तुम्ही हातात घेऊन मैदानाबाहेर बसा. पोराला आत गेल्यावर बाहेर कोणीतरी आपले आहे, एवढे पुरे." त्यांना ते पटले. श्रद्धा आणि नियम यांचे भांडण बहुधा आपणच लावतो. थोडा विचार केला तर दोघांनाही आपापली जागा मिळते.

मोटारीनंतर चालकाची तयारी. येथे माझ्या विद्यार्थ्याने मलाच धडा दिला. त्याने आपला तळहात जमिनीवर ठेवला आणि म्हणाला, "बाई, एक टायर जमिनीला एवढाच टेकतो. चार टायर म्हणजे चार तळहात. ब्रेक लावायचा, वळायचे, वेग वाढवायचा, सगळे या चार तळहातांवर." एका टायरची पकड जेवढी असते तेवढीच असते, ती सगळी ब्रेक लावण्यात खर्च केली, तर वळण्यासाठी काही उरत नाही. म्हणून वळणाच्या आधी, मोटार सरळ असतानाच वेग कमी करावयाचा; मग वळावयाचे; आणि वळण सुटू लागले की वेग हलकेच वाढवावयाचा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते, ताशी ८० वेगाने २२ मीटर. परंतु ब्रेक लावल्यावर थांबावयास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ते चौपट होते. नववीच्या विज्ञानात गतीची समीकरणे आहेत. ती परीक्षेपुरती पाठ करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी हे एकदा स्वतः मांडून पाहावे.

ब्रेकचा थोडा सराव त्याने एका परिचितांच्या कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत, त्यांच्या परवानगीने, सकाळच्या वेळी केला. उरलेला सराव पायी झाला. या खेळात धावण्यापूर्वी स्पर्धकांना मार्गावरून पायी हिंडू देतात, आणि मार्ग लक्षात ठेवणे हे अर्धे कौशल्य असते. अंगणात विटांचे तुकडे मांडून आम्ही मार्ग आखला. तो एकदाच चालून म्हणाला, "झाला पाठ." मी त्याला वर्गातली रीत सांगितली. कविता प्रथम वाचताना अर्थ पाहावा, दुसऱ्यांदा शब्द पाहावेत, तिसऱ्यांदा पुस्तक मिटून डोळ्यांपुढे आणावी. तसाच हा मार्गही पहिल्या फेरीत सगळा मिळून पाहावा, दुसऱ्या फेरीत एकेक वळण, आणि तिसऱ्यांदा एका जागी बसून, डोळे मिटून, हातांनी सुकाणूचक्र फिरवीत पुरा करावा. डोळे मिटल्यावर चौथ्या विटेपाशी तो अडला. मग त्याने न सांगता पुन्हा चालावयास सुरुवात केली.

कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे, पायांत घट्ट बसणारे बंद बूट, डोक्याला नीट बसणारे चांगल्या प्रतीचे हेल्मेट, आदल्या रात्री पुरेशी झोप, जवळ भरपूर पाणी, आणि वाहन चालविण्याचा परवाना: ही यादी वहीच्या शेवटच्या पानावर होती. वडिलांची संमती मी मिळविली होती. परंतु ते स्वतः येतील असे मला वाटले नव्हते. ते आले. इतकेच नव्हे, तर आदल्या दिवशी हैदराबादपर्यंत मोटार त्यांनीच चालविली. आई गणपती घेऊन मागे बसली होती. मी व माझे यजमान रेल्वेने गेलो.

मैदानावर तपासनीसांनी मोटार तपासली. आमच्या वहीत चाळीस खुणा होत्या. तरीही त्यांना उणीव सापडली. बॅटरी नवी होती, पण ती जागच्या जागी धरून ठेवणारी पट्टी सैल होती. आमच्या यादीत बॅटरी होती, पट्टी नव्हती. माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. परंतु त्याने वाद घातला नाही. पट्टी आवळली आणि मोटार पुन्हा तपासणीला लावली. मला त्या क्षणी फार बरे वाटले. आपले काम दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जाऊ देणे आणि त्याने काढलेली चूक न रागावता सुधारणे, हे आम्ही शाळेत दहा वर्षे शिकवतो. ते एवढ्या चटकन उतरलेले मी क्वचितच पाहिले आहे.

त्याला तीन धावा मिळाल्या. पहिल्या धावेत तो इतक्या आवेशाने निघाला की, दुसऱ्याच वळणावर मोटार घसरली आणि तीन शंकू आडवे झाले. दुसऱ्या धावेत तो घाबरला आणि एक वळण चुकला. तिसऱ्या धावेत मोटार संथ चालली आहे असे आम्हां बाहेरच्यांना वाटले. धूळ कमी उडाली, टायरांचा आवाज कमी आला, एकही शंकू हलला नाही. आणि घड्याळावर तीच त्याची सर्वांत जलद धाव ठरली. अखेरच्या यादीत त्याचे नाव शेवटून चौथे होते. बक्षीस नव्हते. मग त्याची पाळी आली, ती सेवेची. दुसऱ्यांच्या धावा चालू असताना स्पर्धकांनीच आळीपाळीने वळणावर उभे राहावयाचे, पडलेले शंकू उचलून जागेवर ठेवावयाचे, धोका दिसल्यास लाल निशाण दाखवावयाचे, अशी तेथील व्यवस्था होती. तासभर उन्हात तो दुसऱ्यांचे पाडलेले शंकू उभे करीत होता. ही रीत मला त्या खेळातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटली.

आता या खेळावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचा विचार केला पाहिजे. हा श्रीमंतांचा खेळ आहे, असे म्हणतात. मोठ्या शर्यतींच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारे पहिले भारतीय ठरले, त्यामागे जे द्रव्यबळ लागते ते आपल्या आवाक्यातले नाही. परंतु घरच्या मोटारीने खेळावयाचा हा हौशी प्रकार त्या मानाने पुष्कळ साधा आहे. दुसरा आक्षेप इंधनाच्या नाशाचा. तो मी नाकारीत नाही. तथापि स्पर्धेतील एका मोटारीची दिवसभरातील प्रत्यक्ष धाव काही मिनिटांचीच असते, हेही ध्यानात घ्यावे. तिसरा आक्षेप धोक्याचा. धोका नाही, असे मी म्हणणार नाही; हेल्मेट आणि रुग्णवाहिका हा खेळ उगीच बाळगीत नाही. परंतु जेथे समोरून ट्रक येत नाही, रस्त्यात गुरे नाहीत, म्हातारी माणसे रस्ता ओलांडीत नाहीत, तेथला धोका आणि महामार्गावरचा धोका यांची तुलनाच होऊ शकत नाही. शिवाय मैदानावर धोका पत्करणारा तो स्वतःपुरता आणि जाणूनबुजून पत्करतो. रस्त्यावर शर्यत लावणारा तो दुसऱ्याच्या माथी मारतो.

विद्यार्थिमित्रांनो, माझ्या लेखाचा विपर्यास होऊ नये, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. मोटार किंवा गिअरची मोटारसायकल चालविण्यास अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. मोटार वाहन कायद्याप्रमाणे परवानगीविना सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. तेव्हा आज तुमच्या हाती मोटार नको. आज तुमच्या हाती सायकल आहे. तिचे ब्रेक पाहा, तिच्या चाकांतील हवा पाहा, साखळीला तेल घाला. जो सायकलीची निगा राखीत नाही, त्याने मोटारीची स्वप्ने पाहू नयेत.

मुलींनाही दोन शब्द. हा पुरुषांचा प्रांत आहे, असे कोणी म्हणाले तर पुण्याच्या डायना पुंडोले यांचे नाव सांगा. त्या व्यवसायाने शिक्षिका आणि दोन मुलांच्या आई. २०२४ साली चेन्नईच्या शर्यतमार्गावर त्यांनी राष्ट्रीय मोटारशर्यतीत सलून गटाचे अजिंक्यपद मिळविले. असे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. शिक्षिकेने मोटारींविषयी काय बोलावे, असे यापुढे मला कोणी विचारणार नाही, अशी आशा आहे.

आणि शेवटी वडीलधाऱ्यांना विनंती. मद्रासच्या मंडळींना आरंभी शर्यतीचा मार्ग नव्हता. महायुद्धातील शोलावरमची जुनी धावपट्टी त्यांनी वापरली, आणि कित्येक वर्षांनंतर, १९९० साली, इरुंगट्टुकोट्टई येथे त्यांचा स्वतःचा मार्ग तयार झाला. आपल्याला तेवढे मोठे काही नको आहे. कापसाचा हंगाम संपला की आपल्या जिल्ह्यातील कितीतरी आवारे मोकळी पडतात. तेथे वर्षातून एखाद्या रविवारी सकाळी, योग्य ती परवानगी घेऊन, पोलिसांच्या आणि जाणत्या मिस्त्रींच्या देखरेखीखाली, अठरा वर्षांवरील तरुणांसाठी वाहनतपासणी आणि वाहनकौशल्याची संथ परीक्षा घेता येईल. वेग तेथे नावापुरताच असेल. परंतु तपासून घ्यावयाची, नियम पाळावयाची आणि दुसऱ्यासाठी निशाण धरून उभे राहावयाची सवय लागेल. "कुठे शिकवतात?" असे एखाद्या मुलाने विचारले, तर आमच्यापाशी सांगण्यासारखे एक ठिकाण असेल.

मी मूळची काणकोणची. घरची भाषा कोकणी. घरातून कोणीही बाहेर निघाले की माझी आई दारात उभी राहून म्हणते, "सवकास वच." हळू जा, एवढाच त्याचा अर्थ मी आजवर समजत होते, आणि लहानपणी मला त्याचा कंटाळाही येई. परंतु हा शब्द आणि मराठीतील सावकाश हे दोन्ही एकाच मुळाचे. अवकाशासह, म्हणजे जागा आणि सवड ठेवून. जेवढा वेग हवा, तेवढा अवकाश आधी राखला पाहिजे: थांबावयास जागा, तपासावयास वेळ, आणि शेजारून जाणाऱ्याला वाट. नळाने अश्वशाळेत घालविलेली घटका ही त्याचीच होती.

हैदराबादहून परतताना वडिलांनी मोटारीची किल्ली मुलाच्या हाती दिली. आम्ही निरोप घ्यावयास उभे होतो. आईने मागच्या आसनावर पाण्याची बाटली ठेवली होती. त्याने इंजिन सुरू करण्यापूर्वी मागे वळून ती उचलली, पिशवीत घातली, पिशवीचे तोंड बांधले, आणि मगच किल्ली फिरविली.